टेकूचा राजीनामा

कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत तृप्तीच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. त्यावर काय आलंय हे तिने वाचलंही नाही. सकाळी या वेळेला सिद्रामअप्पाच पडायचे, न्हाणीतून बाहेर येताना, उंबऱ्यापाशी. तिने गॅस बंद केला, ओढणी खांद्यावर घेतली, दार नुसतं लोटलं आणि चौक ओलांडून समोरच्या इमारतीचा जिना चढायला लागली. पाय आपसूक चढत होते. डोकं अजून भातातच होतं.

अप्पांच्या घराची एक किल्ली तिच्याकडेच असायची. ती कुलपात फिरली तसा आतून आवाज आला.

“कोण? तृप्ती का?”

“मीच.”

“मग ऱ्हाऊ दे. म्हटलं, आज एखादं नवं तोंड बघाय मिळतंय का.”

“नवी तोंडं झोपलीत अजून. हात द्या.”

“हात मागनं. आधी ती लुंगी दे हिकडं.”

तिने तोंड फिरवून लुंगी पुढे केली. मग नेहमीसारखं. खुर्ची भिंतीला टेकवायची, अप्पांना कुशीवर वळवायचं, तिथून गुडघ्यांवर आणायचं, त्यांचे हात खुर्चीवर ठेवायचे आणि मागून कमरेला धरून एका दमात वर. अप्पा सूतगिरणीत जॉबर होते, खात्यातल्या कामगारांवरचे मुकादम. एका शिट्टीत अख्खं खातं पळवायचे म्हणे. आता कंपवाताने हात हलायचे, पण वजन जॉबरचंच राहिलं होतं.

“कंबर धरली न्हवं तुझी?”

“नाही.”

“खोटं बोलू नगंस. कण्हलीस.”

“तुम्ही कण्हलात.”

“माझं कण्हणं मला कळंना व्हय?” खुर्चीत बसल्यावर त्यांनी तिच्याकडे निरखून बघितलं. “सन्मती येणार म्हणं. टेंपो घिऊन.”

“येणार आहे.”

“मग जाशील की या बारीला.”

“बघू.”

“बघू म्हंजे न्हाईच,” अप्पा म्हणाले. त्यांना त्याचा आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं, हे तिला ओळखता आलं नाही. बहुधा त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

खाली उतरताना पट्टा पुन्हा थरथरला. मागच्या इमारतीतल्या एका बाईंची साखर उतरली होती. तृप्तीने भात मनातून काढून टाकला.

नऊ वर्षांपूर्वी शहराचा मदतीचा फोन बंद पडला. तसा तो कोणी बंद केला नव्हता. फोन उचलणारी माणसं कमी होत गेली, मग यंत्र फोन उचलायला लागलं, आणि यंत्र प्रत्येकाला एवढंच सांगायचं की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्याच सुमारास काही तरुण इंजिनिअरांनी ‘शेजार’ काढलं. कल्पना साधी होती. मध्ये कार्यालय नको, मोठं यंत्र नको. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा असेल आणि पट्टे एकमेकांशी थेट बोलतील. एकाचा निरोप दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे. पट्ट्याला नाडी कळते, माणूस उभा आहे की आडवा हे कळतं. कोणी पडलं की पट्टा हाक देतो आणि ती जवळच्या सगळ्या पट्ट्यांना ऐकू जाते. सगळे पट्टे सारखे, कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही.

हा सारखेपणा काही महिनेच टिकला. हाक सगळ्यांकडे जायची, त्यामुळे कुणाच्या पोरीला चक्कर आली की एका खोलीत दहा माणसं जमायची, आणि त्याच वेळी दुसऱ्या इमारतीत एखादी बाई जिन्यात एकटी बसून राहायची. शिवाय प्रत्येक हाक प्रत्येक पट्ट्याला सांगायची म्हटल्यावर पट्ट्यांची बॅटरी दुपारीच मान टाकायची. सारख्यांच्या अशा कुठल्याही जाळ्याचं हेच होतं. माणसं दुप्पट झाली की त्यांच्यातला गोंगाट चौपट होतो. मग काहींना जास्त भार घ्यावाच लागतो. आसपासच्या घरांची माहिती आपल्याजवळ ठेवायची: कुणाची किल्ली कुणाकडे, कुणाला साखर, आत्ता घरी कोण आहे. हाक आली की सगळ्यांना न ओरडता नेमक्या माणसाला सांगायचं. आणि नेमका माणूस सापडलाच नाही, तर आपण जायचं. इंजिनिअरांनी अशा पट्ट्याला लांबलचक नाव ठेवलं होतं. तृप्तीच्या सूतगिरणी कॉलनीत त्याला टेकू म्हणायचे.

टेकू कोणी नेमत नाही. पट्टेच आपापसात ठरवतात आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा ठरवतात. हाकेला कोण किती लवकर जातं, कुणाच्या टप्प्यात किती घरं येतात, आणि कोण किती काळ सलग हजर आहे, या तीन गोष्टींवर. त्यातही हजेरीला सगळ्यात जास्त वजन. आपण धरून चालतो की जुनं यंत्र आधी मोडेल, कारण त्याचे भाग झिजलेले असतात. जाळ्यातली माणसं उलटी वागतात. ज्याला जायचं असतं तो बहुधा सुरुवातीलाच जातो. जो बराच काळ टिकला, तो पुढेही साधारण तेवढाच काळ टिकेल, असं अशा अनेक जाळ्यांत मोजून दिसलं होतं. म्हणून राहणाऱ्यावर भार टाकायचा.

तृप्ती घरूनच काम करायची. औषधांच्या वेष्टनांवरची यंत्राने केलेली मराठी तपासायची. घरी असायची म्हणून तिला हाक लवकर कळायची, कळली की ती जायची, गेली की तिचं वजन वाढायचं, आणि वजन वाढलं की पुढची हाक पुन्हा तिलाच. एका सकाळी तिच्या पट्ट्याची हिरवी कडा केशरी झाली; ती टेकू झाली होती. कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा तिला छान वाटलं होतं. ते छान वाटणं आता आठवलं की तिला आणखी दमल्यासारखं व्हायचं.

बाकीच्या कॉलनीने वेगळाच शोध लावला. पट्टा बंद केला तर जाळ्यात तशी नोंद होते आणि ती सगळ्यांना दिसते. पण पट्टा स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं, तर लहरी बाहेर पडत नाहीत. जाळ्याला वाटतं, रेंज गेली. रेंज गेली त्यात बिचाऱ्या माणसाचा काय दोष? पहिल्यांदा हे कुणाला सुचलं कोण जाणे, पण आता जेवायला बसताना, दुपारच्या झोपेला, मालिका लागली की, स्वयंपाकघरांतून झाकणं लागल्याचे आवाज यायचे. सोसायटीचे सचिव हणबर सर आपला पट्टा ज्वारीच्या पिठात ठेवायचे. ते मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते आणि बोलताना मनगट पुढे करायचे, तेव्हा पट्ट्याच्या फटीत पीठ दिसायचं. तृप्तीने त्यावरून त्यांना कधी टोकलं नाही. पण एकेक झाकण लागलं की तिचा भार थोडा वाढायचा, हे तिला माहीत होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

एकदा सोसायटीच्या बैठकीत तिने विषय काढला होता.

“आपण वार वाटून घेऊ या ना. एकेका घराने एकेक दिवस पट्टा जवळ ठेवायचा. जाळं मग आपोआप भार वाटून देईल.”

“वहिनी, कल्पना उत्तम आहे,” हणबर सर म्हणाले होते. “पण जाळं निःपक्षपातीपणे ठरवतं. आपण माणसांनी त्यात हात घातला की वशिलेबाजी सुरू होते. आज मी सोमवार मागणार, उद्या कुणी म्हणणार मला रविवारच पाहिजे. तुमच्या कार्याची जाणीव आम्हाला नाही, असं मात्र समजू नका.”

जाणीव असल्याचं पुढच्याच रविवारी दिसलं. चौकात खुर्च्या मांडून तृप्तीचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि काचेचं एक सन्मानचिन्ह. हणबर सरांनी भाषणात तिला कॉलनीचा कणा म्हटलं.

“मोडंल की रं कणा!” पहिल्या रांगेतून अप्पा ओरडले. सगळे हसले. तृप्तीही हसली.

टाळ्या चालू असतानाच तिचा पट्टा थरथरला. कुणाच्या तरी घरी लहान पोराने बटण गिळलं होतं. ती शाल अंगावर तशीच ठेवून धावली आणि तीन जणांनी धावतानाचा तिचा फोटो काढला. तो फोटो अजून सोसायटीच्या फलकावर होता.

तृप्तीचा नवरा सन्मती शनिवारी संध्याकाळी आला. वेंगुर्ल्याला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प उभा राहिल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, तो तिथे पंपांकडे होता. आधी ठरलं होतं की क्वार्टर मिळालं की तृप्तीने यायचं. क्वार्टर मिळालं. मग ठरलं, पावसाळा होऊ दे. मग ठरलं, अप्पांचं डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. या वेळी त्याने विचारलं नव्हतं. टेंपो ठरवून टाकला होता, उद्या सकाळचा.

जेवताना ती दोनदा उठून गेली. दुसऱ्यांदा परत आली तेव्हा त्याने तिचं ताट झाकून ठेवलं होतं आणि तिचा फोन हातात घेऊन बसला होता.

“तुझ्या पट्ट्याचं पान उघडलं. राग नाही ना?”

“त्यात काय बघायचंय?”

“हे.” त्याने फोन तिच्याकडे वळवला. “‘सलग हजेरी, नऊ वर्षं. पुढील अपेक्षित हजेरी, नऊ वर्षं.’”

“अंदाज असतो तो. गणित.”

“माहितीये. आम्ही पंपांसाठी करतो तसा. पण आमच्या पंपाचा आकडा दर वर्षी कमी होत जातो.” त्याने फोन पालथा ठेवला. “मागच्या वर्षी इथे आठ असणार.”

“असेल.”

“म्हणजे तू जितकी राहशील तितकी आणखी राहणार.”

“मशीनला काय कळतं सन्मती?”

“काहीच नाही कळत. त्याने नुसतं मोजलंय. मी मोजलं असतं तरी एवढंच आलं असतं.”

तो चिडला असता तर तिला बोलता आलं असतं. तिच्याकडे उत्तरं पुष्कळ होती. पण तो फक्त दमलेला होता, सहा तासांचा प्रवास करून आलेल्या माणसासारखा, आणि दमलेल्या माणसाशी कसं भांडायचं ते तिला येत नव्हतं.

“मी तिकडे दुसरी खाट घेतली नाही अजून,” तो म्हणाला. “घेऊ की नको, तेवढं उद्यापर्यंत सांग. रागाने नाही विचारत. नको म्हणालीस तरी चालेल. चालेल म्हणजे, मग मी ते धरून राहीन. आत्ता मी कशातच राहत नाहीये.”

तिने ताटावरचं झाकण काढलं. भाकरी वातड झाली होती. ती पूर्ण खाल्ली, आणि मग गॅलरीत जाऊन ‘शेजार’च्या मनवाला फोन लावला. मनवा त्या इंजिनिअरांच्या गटातली. आवाजावरून तिशीची. टेकूंच्या अडचणी ऐकायचं काम तिच्याकडे होतं.

“मला हे सोडायचंय,” तृप्ती म्हणाली.

“सोडायचं म्हणजे? तुम्हाला कोणी नेमलेलं नाहीये, ताई.”

“तेच तर. मग राजीनामा कुणाकडे द्यायचा?”

मनवा थोडं हसली, मग तिला जाणवलं की समोरून हसू आलेलं नाही. “आम्ही ते मुद्दाम तसं ठेवलंय. सांगून टेकू होणं सोडता आलं, तर सांगून टेकू होताही येईल. एखाद्या पुढाऱ्याने आपली चार माणसं बसवून सगळ्या गावाची माहिती गोळा केली असती. म्हणून जाळं कुणाचंच ऐकत नाही. ते फक्त बघतं.”

“मग मी काय करू?”

“बघू द्या त्याला. दोन-तीन हाका सोडा. तुमचं वजन उतरेल, दुसरं कोणीतरी वर येईल. माणसं कधीतरी जाणारच, हे धरूनच बांधलंय सगळं.”

“हाक सोडायची म्हणजे कुणीतरी पडलेलं असणार.”

तृप्तीने गॅलरीचं दार ओढून घेतलं.

“मी निघून गेले तरी तेच होणार ना? पहिल्या दोन-तीन हाका वायाच जाणार.”

“जाऊ शकतात,” मनवा म्हणाली. “त्याचं उत्तर आमच्याकडे नाहीये, ताई. खरं सांगते. हरवलेली हाक कागदावर एका आकड्याने दिसते, आणि तो आकडा खूप लहान आहे. आम्हाला त्याचं बक्षीसही मिळालंय.”

“तुम्ही पट्टा घालता?”

“घालते की.”

“कडा कुठल्या रंगाची आहे?”

“हिरवी,” मनवा म्हणाली आणि घाईघाईने पुढे म्हणाली, “मी फार फिरतीवर असते.”

रविवारी सकाळी टेंपो चौकात येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने आरसा पुसायला घेतला. सामान फार नव्हतं. दोन मोठ्या बॅगा, शिलाई मशीन, पुस्तकांचं खोकं. तृप्तीने शेगडीची नळी काढून गुंडाळून ठेवली. सन्मती खोकं खाली ठेवून वर आला आणि तेवढ्यात तिच्या मनगटात थरथर झाली.

या वेळी तिने वाचलं. सिद्राम, दुसरा मजला, आडवे, नाडी ठीक.

ती बॅगेवर बसली.

“अप्पा?” सन्मतीने विचारलं.

“हं.”

पट्टा पुन्हा थरथरला, मग आणखी एकदा, जरा जास्त वेळ. तिने दुसऱ्या हाताने तो मुठीत धरला, जसं रडणाऱ्या मुलाला पोटाशी धरतात. नाडी ठीक आहे, ती स्वतःला सांगत होती. नुसते पडलेत. थंड फरशीवर आहेत, लाज वाटत असेल, शिव्या देत असतील. आता जाळं माझा नाद सोडेल. पुढच्या पट्ट्याला विचारेल. हणबर सर असतील, ते पिठात. मग त्याच्या पुढचा. कुणाचा तरी पट्टा मनगटावर असेल. असायलाच पाहिजे. तिची नजर समोरच्या गॅलरीवर खिळून होती आणि तिथे कोणी दिसत नव्हतं.

पट्टा शांत झाला.

आणि मग चहूबाजूंनी शिट्टी वाजायला लागली. कॉलनीत असा आवाज तिने आजवर ऐकला नव्हता. बारीक, अखंड, घराघरांतून एकच सूर. क्षणभर तिला वाटलं, कुठे आग लागली. मग जिन्यात पावलं ऐकू आली, खूप पावलं, आणि तिला समजलं.

आसपासचे सगळे पट्टे दर थोड्या वेळाने तिच्या पट्ट्याची चौकशी करत असत, आहेस ना म्हणून. नऊ वर्षांत तिने एकही हाक सोडली नव्हती. जाणाऱ्यांसाठी, झोपलेल्यांसाठी, रेंज गेलेल्यांसाठी जाळ्याकडे रकाने होते. जिचा पट्टा मनगटावर आहे, जी घरात आहे, जागी आहे, आणि तरीही उठत नाही, अशा तृप्तीसाठी त्याच्याकडे रकाना नव्हता. त्याने एकच अर्थ काढला. तिचंच काहीतरी झालंय. आणि टेकू पडला तर त्यावरची सगळी घरं पडतात, म्हणून त्याने सगळ्यांना एकदम ओरडून सांगितलं. ज्यांचे पट्टे डब्यात होते त्यांना शेजाऱ्यांनी गॅलरीतून हाका मारल्या.

सगळ्यात आधी तळमजल्यावरची शाहीन पोचली. ती ब्लाउज शिवायची. गळ्यात टेप तसाच लोंबत होता, दातांत टाचणी होती. ती टाचणी काढून तिने तृप्तीचे दोन्ही खांदे धरले.

“काय झालं गं? छातीत दुखतंय का? पाणी आणू?”

“काही नाही झालं.”

“चक्कर आली?”

“नाही शाहीन. मी बरी आहे.”

“या अल्ला, माझा तर जीव गेला होता गं.” शाहीन तिथेच जमिनीवर बसली आणि धापा टाकत रडायला लागली.

तिच्या मागे माणसं येतच होती. कुणी टॉवेल गुंडाळून, कुणी तोंडाला फेस तसाच ठेवून. हणबर सर धापा टाकत आले, कोपरापर्यंत पीठ. जिना भरला. तृप्ती त्या तोंडांकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिने मनात धरलं होतं की ही माणसं कुणासाठी धावत नाहीत. त्यावर तिचा राग उभा होता, आणि तो राग तिला आधाराला लागत होता. आता सगळी तिच्यासाठी धावत आली होती आणि तिला राग धरायलाही जागा उरली नव्हती.

मग त्यांची नजर फिरली. बॅगा. रिकामी मांडणी. गुंडाळलेली नळी.

“म्हणजे वहिनी,” हणबर सर हळूहळू म्हणाले, “तुम्ही मुद्दाम उठला नाहीत?”

“मुद्दाम.”

“हे काही बरं नाही झालं. तुम्ही आम्हाला आधी कल्पना द्यायला हवी होती. एवढ्या लोकांना...”

“सर,” ती म्हणाली, “अप्पांकडे कोण गेलंय?”

प्रत्येकाने दुसऱ्याकडे बघितलं. सगळी कॉलनी इथे होती.

तृप्ती अर्धी उठली होती. उठायचं ठरवलं नव्हतं, गुडघेच उठले. सन्मती दारात उभा होता. तो बाजूला झाला. तिला जायला वाट करून दिली. त्याने अडवलं असतं तर ती गेली असती.

तिने खिळ्यावरची किल्ली काढली आणि हात पुढे केला. कुणाच्याच समोर नाही, नुसताच पुढे.

“कुणीतरी घ्या.”

कुणी हलेना. कुणाला कसं उचलायचं माहीत नव्हतं, कुणाची कंबर दुखत होती, कुणी हणबर सरांकडे बघत होतं आणि हणबर सर किल्लीकडे. तिने हात तसाच पुढे धरून ठेवला. तो खाली घेतला तर आपण जाऊ, हे तिला पक्कं माहीत होतं.

“द्या हिकडं!” शाहीन डोळे पुसत उठली आणि तिने किल्ली हिसकावली. “बघत काय बसलाय सगळे? सरा की बाजूला!”

जिन्यातली गर्दी तिच्या मागे ओघळली. तृप्ती गॅलरीत आली. कठडा घट्ट धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने समोरच्या दुसऱ्या मजल्यावर शाहीनचं डोकं बाहेर आलं.

“तृप्ती! उठंनात गं हे! वडू का हाताला धरून?”

“हात नको ओढू! कुशीवर वळव आधी! खुर्ची भिंतीला लाव!”

“कुठल्या कुशीवर?”

“उजव्या!”

आतून अप्पांचा आवाज चौकभर घुमला. “आगं ही उजवी न्हवं! जेवतीस कुठल्या हातानं?” त्यांना शिव्या देण्याइतका दम होता. तृप्तीने कपाळ कठड्यावर टेकवलं. सन्मती मागे येऊन उभा राहिला आणि त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. फार वेळ ठेवला नाही. बॅग उचलून तो खाली गेला.

ती टेंपोपाशी आली तेव्हा शाहीन धावत जिना उतरत होती. केस सुटले होते, कपाळावर घाम होता, आणि चेहरा असा उजळला होता की क्षणभर ती ओळखू येईना.

“उचललं गं मी! एकटीनं! एवढा मोठा बाप्या! सर नुसते खुर्ची धरून उभे.” ती हसत होती. “म्हणतात कसे, पोरी, तुझ्या हातात जोर हाय. आणि चहा पिऊन जा म्हणाले.”

तृप्तीला तो चेहरा माहीत होता. कुठून माहीत होता, हेही तिला माहीत होतं.

“शाहीन, ऐक,” तिने तिचा हात धरला. “संध्याकाळी परत हाक आली तर तू जाऊ नकोस. सरांना जाऊ दे.”

“आणि ते नाही गेले तर?”

“तरी जाऊ नकोस. एकदा तरी थांब.”

“थांब काय?” शाहीनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त कपाळावर आठी आली. “म्हातारा खाली पडून ऱ्हाईल की. मग?”

ती खरोखर विचारत होती. तृप्तीला उत्तर माहीत असणार, असं धरून ती वाट बघत होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तृप्तीने तिचा हात दाबला, सोडला आणि चढून सन्मतीशेजारी बसली.

गाडी फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागली.

“काय विचारत होती शाहीन?” सन्मतीने विचारलं.

“म्हणाली, गेले नाही तर म्हातारा पडून राहील. मग काय करू?”

“तू काय सांगितलंस?”

“टेंपो निघाला,” तृप्ती म्हणाली.